ताईचे मूत्रपिंड, दाजींचे ताट

आमचे दाजी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. मधुमेहाने दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली आणि आठवड्यातून तीनदा उल्हासनगरला डायलिसिसची फेरी सुरू झाली. आमच्या ताईने स्वतःचे मूत्रपिंड द्यायचे ठरविले. १९९४ च्या कायद्यात पत्नी जवळची नातेवाईक धरली आहे. तपासण्या जुळल्या; पण दाजींचे वजन ९० किलो, उंची साडेपाच फूट. डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरवा."

आम्हांस राग आला. गरिबाला टाळतात, असे आम्ही बोलूनही गेलो. नीट समजून घेतल्यावर चूक कळली. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. आकडा ३० किंवा वर आला तर लठ्ठपणा. दाजींचा ३२ होता. अशा रुग्णाची जखम चिघळण्याचा, टाके उसवण्याचा, नवे मूत्रपिंड उशिरा चालू होण्याचा धोका जास्त. तरीही डायलिसिसवर राहण्यापेक्षा प्रत्यारोपणाने असा रुग्णही बहुधा अधिक जगतो. म्हणजे तो नकार नव्हता, तयारी होती.

दाजींनी ८ किलो उतरविले. शस्त्रक्रिया पार पडली. खरी परीक्षा पुढेच होती. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून रोज गोळ्या; त्यांतील स्टिरॉइडने भूक भडकते, साखर चढते. पथ्यही सैल झालेले. त्यात आम्ही नातेवाईक! कुणाचा मटणाचा डबा, कुणाची पुरणपोळी. ज्या घरांनी अर्धपोटी दिवस काढले, तेथे अंग भरलेला माणूस म्हणजे सुखी माणूस. वर्षभरात काटा ९४ वर गेला, रक्तदाबही वाढला.

एकदा ताई आम्हांस म्हणाली, "अरे, तुम्ही खाऊ घालता त्यांना, पण भार पडतो माझ्या मूत्रपिंडावर. दुसरं द्यायला माझ्याकडे नाही."

आम्ही निरुत्तर झालो. कोसलनरेश प्रसेनजिताची गोष्ट आठवली. भरपेट भात खाऊन तो धापा टाकीत भगवंतांपाशी आला. भगवंतांनी मात्रा जाणून जेवण्याची गाथा सांगितली. राजाने एका तरुणाला ती रोज जेवताना म्हणायला लावली आणि भात हळूहळू कमी केला. राजालाही आठवण देणारा माणूस लागला!

आता रविवारी बदलापूरहून आम्ही रिकाम्या हाताने जातो. दाजींना घेऊन तासभर चालतो. ताई भात वाटीने मोजून वाढते. काटा ८९ वर आला आहे. बंधुभगिनींनो, आजाऱ्याला भेटायला जाताना डबा नेऊ नका, वेळ न्या.