जुना पत्रा, नवी गाडी

"जुन्या गाड्या म्हणजे नुसतं लोखंड! धडकल्या तरी काही होत नसे. हल्लीचे तर डबे!" हे वाक्य आपल्या बहुतेक घरांत ऐकू येते. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते, तिथेही आम्ही ते ऐकले. त्यावर आमच्या धाकट्याने विचारले, "जुन्या गाड्यांत पट्टे नव्हते ना? मग मी मागे बसल्यावर कशाला लावू?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू ही सेडान ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवली. वजनात फारसा फरक नव्हता. बेल एअरचे स्टिअरिंग आत घुसले. तिथे पुतळ्याऐवजी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूच्या चालकाच्या पायाला फार तर किरकोळ इजा झाली असती.

नव्या गाडीचे नाक मुद्दाम चुरगळणारे केलेले असते. धडकेचा जोर त्या पत्र्यात जिरतो आणि माणसे बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. गंमत अशी, की १९५९ मध्येच मर्सिडीजने असे चुरगळणारे नाक आणि व्होल्वोने तीन ठिकाणी बांधणारा पट्टा बाजारातल्या गाड्यांत आणला होता.

आमच्या गाडीत मागच्या पट्ट्यांची कुलपे सीट कव्हरखाली गाडली गेली होती. ती आम्ही त्याच आठवड्यात वर काढली. पालकांनी आपापल्या गाडीत एकदा जरूर पाहावे.

तरीही जुन्या गाडीचे एक सुख नव्या गाडीत नाही. फोर्ड मॉडेल टी हँडल मारून सुरू करता येई आणि बॉनेट उघडले की कोणता भाग काय करतो ते मुलांनाही दाखवता येते. आमच्या सेडानचे बॉनेट उघडले तर प्लॅस्टिकचे झाकण दिसते. बिघाड झाला की एक दिवा लागतो आणि आपण मुकाट्याने गॅरेज गाठतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी मात्र त्या रस्त्यावर येऊ शकतात. पेट्रोल भरायला जाण्याचीही मुभा आहे.