फाईल दिल्लीला जाऊन येते तेव्हा

जानेवारी 2024 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन दिल्लीआधी जयपूरला उतरले. आमेरचा किल्ला, जंतरमंतर, पंतप्रधानांबरोबर रोड शो, हवामहलासमोर चहा. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स सहकुटुंब आले आणि इथल्या राजस्थान इंटरनॅशनल सेंटरमधल्या भाषणात एफ-35 लढाऊ विमानांची शिफारसही करून गेले. विमान कंपन्यांच्या ताफ्याचं नियोजन हा माझा धंदा, आणि मुक्काम जयपुरात. शेजारी विचारतात, "साब, ये लोग घूमने आते हैं या जहाज बेचने?" दोन्हीसाठी, असं माझं उत्तर.

राजकीय दबाव म्हटलं की लोकांना मंत्र्याचा फोन आठवतो. फोनची गरजच पडत नाही. किती आसनं, किती पल्ला, कधीपर्यंत हवं, या तीन रकान्यांत विमान ठरून जातं. एकेकाळी दीडशे आसनं लिहिली की ए320 पुढे सरकायचं, दोनशे लिहिली की बोइंग 757. फाईल दिल्लीला जाऊन परत येते तेव्हा मी आधी हे रकाने ताडून पाहतो. शिफारशीचं पान नंतर.

1984 मध्ये इंडियन एअरलाइन्सचा कौल बोइंग 757 कडे होता. पुढे वारं फिरलं आणि मार्च 1986 मध्ये करार झाला तो एअरबसशी, 19 ए320 विमानांचा. तोवर ए320 एकदाही आकाशात गेलेलं नव्हतं. त्याचं पहिलं उड्डाण फेब्रुवारी 1987 चं. तरी या खरेदीत सगळंच दिल्लीचं नव्हतं. ए320 च्या मुख्य पायाला एरवी दोन चाकं असतात, इंडियनच्या विमानांना चार होती. आपल्या कमकुवत धावपट्ट्यांवर भार विभागला जावा म्हणून ती मुद्दाम मागून घेतली होती. विमान ॲप्रनवर उभं असलं की ती दुरूनच ओळखू यायची. त्यापायी वजन वाढलं, पण ही मागणी धावपट्टी ओळखणाऱ्या माणसांची होती. मंत्रालयाला असलं काही सुचत नाही.

14 फेब्रुवारी 1990 ला यातलंच एक विमान बंगळूरला उतरताना कोसळलं. 92 माणसं गेली. व्ही. पी. सिंग सरकारने सगळी ए320 जमिनीवर उभी केली आणि पुढच्याच महिन्यात सीबीआयने या खरेदीबद्दल गुन्हा नोंदवला. परदेशात तीच विमानं उडत होती. चौकशीत पुढे बोट वैमानिकांच्या चुकीकडे गेलं. ज्या खरेदीत राजकारणाचा संशय, ती विमानं उभी ठेवण्याचा निर्णयही मला तितकाच राजकीय वाटतो.

एअर इंडियाची गोष्ट मोठी. नव्या विमानांचा विचार 1996 पासून रखडलेला, ताफा म्हातारा होत चाललेला. जानेवारी 2004 पर्यंत प्रस्ताव 28 विमानांचा होता. मग सरकार बदललं, नागरी उड्डाण खातं गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांकडे आलं. ऑगस्ट 2004 मध्ये मंत्रालयाच्या बैठकीनंतर आकडा पुन्हा तपासायला घेतला आणि तो 68 वर गेला. इंडियन एअरलाइन्सची 43 धरून 111. आठ वर्षं रेंगाळलेलं काम दीड वर्षात उरकलं. विमानं हवी होती, यात शंका नाही. पण प्रवाशांचे अंदाज फुगवल्याशिवाय 28 चे 68 होत नाहीत, आणि खरी खोट पैशांत होती: जवळपास सगळी खरेदी कर्जावर, भांडवल नावापुरतं. 2011 च्या अहवालात कॅगने हेच धरलं. त्याआधी 2008 मध्ये तेल 147 डॉलरवर गेलं होतं, तेव्हा हप्ते आणि इंधन एकदमच अंगावर आले.

त्या 68 मध्ये आठ 777-200एलआर होती, अमेरिकेपर्यंत न थांबता जाणारी. त्यांतली पाच 2013 मध्ये एतिहादला विकली. उरलेल्या तिनांच्या जिवावर डिसेंबर 2015 मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू झाली, म्हणजे विमान चुकीचं नव्हतं.

जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. पुढच्या वर्षी 14 फेब्रुवारीला (तारीख तीच, योगायोगाने) 470 विमानांची घोषणा झाली: 250 एअरबस, 220 बोइंग. कंपनी खासगी, पण एअरबसच्या घोषणेला पडद्यावर मोदी आणि मॅक्रॉन, आणि बायडेन यांच्या निवेदनात 44 राज्यांतल्या दहा लाखांहून अधिक नोकऱ्यांचा हिशेब. दोन्ही कारखान्यांना वाटा मिळाला तो निव्वळ ताफ्याच्या गणितातून का, हे विचारायची सोय मात्र आता राहिलेली नाही. टाटांची फाईल कॅगकडे जात नाही.