पिठाचा डबा

परवा नातीचे पाढे घेत होते. तेराच्या पाढ्यात ती अडखळली आणि मला चौथीतला एक मुलगा आठवला. नाव लिहीत नाही. साल १९८८, बीड जिल्ह्यातलं छोटं गाव.

सोमवारी हा तोंडी गणितं पटापट सांगायचा. शुक्रवार-शनिवारी मात्र तोच फळ्याकडे नुसता बघत बसे. मी त्याला आळशी ठरवलं. दोनदा छडीही दिली, खोटं कशाला बोलू! मग एकदा गुणांची वही चाळताना लक्षात आलं, दर आठवड्याला तेच. गावचा बाजार रविवारी. त्या दिवशी घरात ज्वारी यायची, शुक्रवारपर्यंत संपायची. म्हणजे मी मार्क देत होते ते त्यांच्या पिठाच्या डब्याला!

उपाशी पोराचं डोकं चालत नाही, अंगात रक्त कमी असलं की लक्ष टिकत नाही, हे बीएला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जास्तीची भाकरी नेली. तर म्हणतो, "आमी जेवून आलोय, बाई." मग मी वर्गात अंगतपंगत सुरू केली. सगळ्यांच्या भाकऱ्या एका फडक्यावर. त्यात कुणाची कुठली, कोण बघतंय? शुक्रवारीही त्याची गणितं बरोबर येऊ लागली.

१९९५ साली माध्यान्ह भोजन योजना आली, तेव्हा हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. घरात खाणारी तोंडं सहा, तो पोराच्या पोटात कितीसा जाणार? २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असं बजावलं आणि यथावकाश आमच्याकडेही खिचडी शिजू लागली. तांदळाच्या नोंदी ठेवण्यात आमचा किती वेळ जायचा ते शिक्षक वाचकांना सांगायला नको. कुरकुर मीही केली. पण दुपारनंतरच्या तासाला हात वर येऊ लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

असो. त्या मुलाच्या वाट्याला खिचडी आली नाही. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. पाडव्याच्या सुमारास परतला तेव्हा भागाकार पार विसरला होता. पुन्हा शिकवला, आठ दिवसांत आला. पुढच्या दिवाळीनंतर गेला तो शाळेत परत आलाच नाही.

पहिल्या चाचणीला मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहिला होता. तो खोडायचा राहून गेला.