तंबोऱ्याची जवारी

आपला मोठेपणा आपणच सांगू नये, असे आपणा सर्वांस शिकविलेले आहे. परंतु आपला हलकेपणा सांगणे हे त्याहून कठीण असते. तो सांगितल्याने कोणा एकाचेही पाऊल सावरणार असेल तर तो सांगावा, असे मनात आल्यावरून मी हे चार शब्द लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीच्या आसपासच्या एका लहानशा मंडळीत मी एकोणीस वर्षे शब्बाथशाळा चालवीत होतो. चालवीत होतो म्हणजे काय, तर सकाळी लवकर जाऊन खोलीचे कुलूप काढावे, सतरंज्या झटकाव्या, पाण्याचा माठ भरावा, मुलांस वचने पाठ करवावी आणि ती घरी गेल्यावर पुन्हा कुलूप लावावे. पाऊस असो की ऊन, यात खंड पडला नव्हता. पुढे त्या मंडळीचा मोठा वार्षिक समारंभ झाला. ज्यांनी देणग्या दिल्या, ज्यांनी भाषणे केली, ज्यांनी मांडव घातला, त्या सर्वांची नावे वाचली गेली व त्यांस हार घातले गेले. मी मागच्या बाकावर बसून एकेक नाव ऐकत होतो. यादी संपली. माझे नाव तीत नव्हते.

कोणी ते मुद्दाम गाळले असेल असे मला वाटत नाही. कोणास आठवलेच नाही, एवढेच. पण न आठवणे हेच मला अधिक लागले. घरी येऊन मी जेवलो नाही. पत्नीने विचारले तेव्हा डोके दुखते असे सांगितले, आणि पुढचे दोन रविवार मी शब्बाथशाळेकडे फिरकलो नाही. माझ्यावाचून काय अडते ते एकदा यांना कळू द्या, असा विचार माझ्या मनात होता. तो ख्रिस्ती मनुष्याला शोभणारा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते.

त्याच सुमारास एक काम माझ्याकडे आले. नाताळातील कीर्तनासाठी मंडळीत एक जुना तंबोरा होता. त्याचा आवाज बसला होता. तार छेडली तर ती घुमण्याऐवजी नुसती खट्ट वाजे. तो मिरजेस नेऊन दुरुस्त करून आणण्याचे मी पूर्वीच कबूल केले होते. दिलेला शब्द मोडवेना, म्हणून तंबोरा चादरीत गुंडाळून मी मिरजेच्या गाडीत बसलो.

विश्रामबाग मागे पडून वानलेसवाडी आली तेव्हा नेहमीप्रमाणे डॉक्टर वानलेस यांची आठवण झाली. ते १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेचे इस्पितळ उभारले, आणि १९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांचे नाव इस्पितळाला आहे, वाडीला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी माझ्या आंबट झालेल्या मनाने निराळाच प्रश्न केला: त्या इस्पितळात रात्री कंदील घेऊन फिरणारे, पट्ट्या धुणारे, हत्यारे उकळणारे, रोग्याच्या तोंडात पाणी घालणारे जे कोणी होते, त्यांची नावे कोणत्या वाडीला दिली? मी त्यांची कीव करीत होतो असे मला वाटले. वास्तविक मी माझीच कीव करीत होतो.

मिरजेत तंतुवाद्ये करणाऱ्यांची जुनी आळी आहे. एके काळी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सतार व तंबोरा करण्याची कला हाती घेतली, ती तेथे अद्याप चालू आहे. तेथल्या एका वृद्ध कारागिराने माझा तंबोरा मांडीवर घेतला, भोपळ्यावर थाप मारून पाहिली, तारांवरून बोट फिरविले आणि म्हटले, "भोपळा, दांडी सगळं ठीक आहे, मास्तर. जवारी गेली आहे."

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिची पाठ सपाट नसते; तिला अत्यंत सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारास हलकेच स्पर्शत कंप पावते, म्हणूनच तिच्या एका सुरातून अनेक सूर उमटतात. तारांच्या घासण्याने हा उतार बिघडतो. तो कानसेने पुन्हा साधणे, यालाच जवारी काढणे म्हणतात. म्हाताऱ्याने तारा सैल करून बाजूस घेतल्या. एकदोनदा कानस फिरवावी, तार चढवावी, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवावा, डोळे मिटून ऐकावे, मान हलवावी, पुन्हा तार उतरवावी, असे दोन तास चालले होते. त्याने काय बदलले ते मला डोळ्यांनी शेवटपर्यंत दिसले नाही.

मी न राहवून विचारले, "चाचा, तुम्ही इतके कष्ट घेता; मैफलीत गाणाऱ्याचे नाव होते. तुमचे नाव कोणी घेते का?"

तो हसला. "मास्तर, मैफलीत लोकांचं लक्ष तंबोऱ्याकडे कधी जातं? तो बिघडला तरच. तो नीट वाजत असला की कुणाला आठवत नाही, आणि गाणाऱ्याला सूर सोडत नाही. आणखी काय पाहिजे?"

एवढे बोलून तो पुन्हा कामास लागला. थोड्या वेळाने तार छेडली आणि ती लहानशी खोली सुराने भरून गेली.

परतीच्या वाटेवर मला रोमकरांस पत्राचा शेवट आठवला. ते पत्र पौलाचे म्हणून आपण वाचतो. परंतु सोळाव्या अध्यायात मध्येच एक मनुष्य आपला सलाम सांगतो. तो तर्तियस, ते पत्र लिहून घेणारा. त्याच्याविषयी शास्त्रात याहून अधिक काही नाही. तसाच आपल्या भाषेतील एक दाखला आहे. डॉक्टर केरी यांनी १८०५ साली मराठी व्याकरण छापले व १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध झाला, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्यांस मराठीत साह्य करणारे वैजनाथ पंडित किती जणांस ठाऊक आहेत? आणि नासरेथचा योसेफ पाहा. त्याने प्रभूचे बालपण सांभाळले, रातोरात त्याला घेऊन मिसर गाठले; पण चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एक शब्दही नोंदलेला नाही. गुप्तपणे केलेले पाहणारा पिता स्वर्गात आहे, असे प्रभूने डोंगरावर शिकविले. ते मी एकोणीस वर्षे मुलांकडून पाठ करवून घेतले होते. स्वतः मात्र एका यादीने डळमळलो होतो.

पुढच्या रविवारी मी किल्ली घेऊन गेलो. पायरीवर एक सातआठ वर्षांचा मुलगा बसला होता. मी विचारले, "इतक्या लवकर का आलास?" तो म्हणाला, "गुरुजी, मी मागच्या दोन्ही रविवारी आलो होतो. कुलूप होते, म्हणून थोडा वेळ बसून गेलो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु माझा रुसवा कोणावर जाऊन पडला होता, ते मला तेव्हा समजले. ज्यांच्यावर मी रागावलो होतो त्यांस माझ्या न येण्याचा पत्ताही नव्हता. शिक्षा भोगली ती या मुलाने.

यावरून कोणाची दखल घेऊच नये असे मात्र कोणी समजू नये. त्याच सोळाव्या अध्यायात पौलाने पंचविसाहून अधिक माणसांची नावे घेतली आहेत, आणि कोणी श्रम केले तेही सांगितले आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनो, तुमची फी भरण्यासाठी जो बाप पहाटे उठून कामावर जातो, त्याच्याशी आज दोन गोड शब्द बोला. आणि पालकहो, कारखान्यात, शेतात वा कचेरीत आपले श्रम कोणाच्या नजरेस येत नाहीत म्हणून जो खिन्न झाला असेल, त्याने एवढेच विचारावे की आपण उद्या गेलो नाही तर पायरीवर कोण बसून राहील?

पुढे २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाल्याची वार्ता वाचली व आनंद वाटला. ज्यांनी ही कला प्रथम हाती घेतली ते हा सन्मान पाहावयास राहिले नाहीत. तरी त्यांनी घोडी नीट घासली, म्हणूनच तो दिवस आला. माझे नाव पुढील समारंभातही कोणी वाचले नाही. अगदीच काही वाटले नाही असे म्हटले तर ते खरे होणार नाही. परंतु त्या रविवारी मी कुलूप वेळेवर काढले होते.