पोटातले साल

बंदुकीशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता. त्यातही टिकली वाजताना डोळे मिटून घेणाऱ्यांपैकी मी. तेव्हा तीन वर्षांपूर्वी सुट्टीत मेहुण्याकडे मिशिगनला गेलो असताना मी एका तळघरात बसून दोन तास फिनलंडच्या लष्करी रायफली न्याहाळल्या, हे आमच्या सौभाग्यवतींना अजून खरे वाटत नाही.

"भाऊजी, तुम्ही जुन्या पोथ्यांची सालं काढता ना? मग चला," म्हणून मेहुण्यानेच नेले. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला फिनिश लोकांची जुनी वस्ती आहे. शेजारचे आजोबा मात्र युद्धानंतर आलेले. १९४० च्या हिवाळ्यात कोल्ला नदीच्या आघाडीवर त्यांचे वडील पडले, तेव्हा हे दोन वर्षांचे. वडील म्हणजे त्यांच्या लेखी फोटोतली एक टोपी, बस्स.

आजोबांनी पहिल्यांदाच मला चकित केले. या रायफलींचा गाभा फिनलंडने कधी घडवलाच नाही! मूळ बंदूक रशियाची, १८९१ ची मोसिन-नागान. १९१७ साली देश स्वतंत्र झाला आणि १९१८ च्या यादवीत या बंदुका ढिगांनी हाती लागल्या. पुढे फिनलंडने नळी नवी केली, बर्चच्या लाकडाचा दस्ता नवा केला, नेमाची माशी नवी केली. पण नळी जिच्यात बसते ती लोखंडी पेटी झारच्या कारखान्यातलीच राहिली. आमच्या आजीच्या पाटल्या मोडून आईने बिलवर केले, बिलवरांचे सौभाग्यवतींनी तोडे केले. घरात अजून त्याला 'आजीचे सोने'च म्हणतात. तसेच हे. फक्त इथे आजी शत्रुपक्षाची!

मग ओळखीच्या खुणा. फरच्या डहाळ्यांखाली 'एस्' अक्षर दिसले की ती नागरी रक्षकदलाची. चौकटीत 'एस् ए' असले की सैन्याच्या मालकीची. १९२७ च्या नमुन्यात माशीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कान आहेत, म्हणून शिपाई तिला तिकडच्या उभ्या कानांच्या कुत्र्याच्या नावाने 'पिस्टुकोर्वा' म्हणत. सिमो हायहा हा प्रसिद्ध नेमबाज लढला तो रक्षकदलाच्या २८-३० नमुन्याने, दुर्बिणीवाचून. पोथीत कागद, शाई, वळण पाहावे तसे आजोबा एकेक दाखवत होते, आणि मीही हळूहळू माझी भीती विसरलो.

शेवटी फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली एक रायफल आली. हिवाळी युद्धातली म्हणून विक्रेत्याने दिलेली. "वडिलांच्या हातात अशीच असेल," आजोबा म्हणाले.

पोथी हाती आली की आधी शेवटचे पान उघडायचे, ही माझी खोड. नळीच्या बुडाशी आकडा होता. मी मोठ्याने वाचला. "१९४२."

हिवाळी युद्ध संपले १३ मार्च १९४० ला. शिवाय रायफल १९३९ च्या नमुन्याची, म्हणजे त्या युद्धात शिपायांपर्यंत जवळजवळ न पोहोचलेली. हे सारे त्यांनीच मला तासाभरापूर्वी शिकवलेले! मेहुणा माझ्याकडे पाहत राहिला. पूर्वी एका खेड्यात एका आजींना, तुमची पोथी संतांच्या हातची नव्हे, मागाहूनची नक्कल आहे, असे मी असेच ऐकवले होते. त्या बाईंनी पुन्हा मला दार उघडले नाही.

आजोबा काही बोलले नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर आणून त्यांनी लाकडापासून लोखंड वेगळे केले आणि पेटीच्या शेपटीची खालची बाजू माझ्यापुढे धरली. तिथे, इतकी वर्षे लाकडात झाकलेले, साल होते १८९६. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ पर्यंतची बंदूक पुराणवस्तू ठरते, आणि त्यासाठी हेच पोटातले साल धरतात.

"नळ्या झिजल्या की बदलत," ते म्हणाले. "पेटी तीच वापरत. १९४० मध्ये ही दुसऱ्या नळीबरोबर असेल, नाही? कोल्लालासुद्धा?"

विद्यार्थ्यांच्या निबंधातला प्रत्येक 'कदाचित' मी वीस वर्षे तांबड्या शाईने खोडत आलो आहे. पुरावा काहीच नव्हता. खोडावे असेही काही नव्हते.

"कदाचित," मी म्हणालो.

त्यांनी स्क्रू पुन्हा बसवायला घेतले. हात थरथरत होते, म्हणून दस्ता मी धरला. चांगलाच जड होता.