अम्मीची अट

मागच्या वर्षी भाचीच्या हळदीच्या रात्री अम्मीने ढोलक घेतली. तिची सत्तरी उलटली आहे, गुडघे दुखतात, पण हात अजून चुकत नाही. खाला, फुफी, शेजारणी गोल करून बसल्या. मी मोबाइल मध्ये ठेवला आणि पाऊण तास सगळं टिपलं गेलं, या समाधानात झोपले.

दुसऱ्या दिवशी ऐकलं तर ढोलकीवर थाप पडली की गाणं दबायचं आणि ओळ संपली की पंख्याची घरघर वर यायची. मोबाइल मुळात बोलणं पकडायला बनवलेला. मोठा आवाज आला की तो आपणहून आवाज उतरवतो, शांत झालं की चढवतो. बोलण्याला हे चालतं, गाण्याची मात्र वाट लागते.

याहून वाईट पुढे झालं. कुणीतरी घेतलेला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला, तिथून कुणाच्या तरी स्टेटसवर गेला. एका खालाच्या मुलाला त्याच्या आईचं गाणं बाहेरच्या माणसाने ऐकवलं. तेव्हापासून खाला गात नाही. "अब नक्को," एवढंच म्हणते.

या गाण्यांची वही नाही. दखनी बोली, मध्येच मराठी शब्द, आणि नवरीचं, नणंदेचं नाव त्या त्या लग्नात ओवलेलं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. लोकगीत म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि माझ्या घरातलं एक गाणं मला पुरतं येत नाही.

अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "गाती मैं. लेकिन मोबाइल में नक्को." हीच अट धरून मी रेकॉर्डर शोधायला लागले.

दहा हजारांच्या वर जायचं नव्हतं. त्यात पहिल्यांदा दिसतात ते मीटिंग आणि भाषणं टिपायचे छोटे व्हॉइस रेकॉर्डर. तेही बोलण्यासाठीच, म्हणून सोडले. उरले दोन: झूम एच१एन आणि टॅस्कॅम डीआर-०५एक्स. झूमचे दोन माइक एकमेकांना काटकोनात, समोरचं नेमकं धरणारे. एकटा सतारिया समोर बसला असेल तर मी तोच सुचवेन. टॅस्कॅमचे माइक चहूबाजूंनी ऐकतात. आमच्या बायका गोल बसतात, समोर अशी कुणीच नसते. शिवाय अशा माइकमध्ये ढोलकीची जाड बाजू भरीव येते. तोटा एकच, खोलीतला प्रत्येक आवाजही येतो. मी टॅस्कॅम घेतला. त्याला दोन पेन्सिल सेल लागतात, ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आणि त्यात इंटरनेट नाही. दुसऱ्या कुणाला ही उणीव वाटेल, आमच्यासाठी तोच सगळ्यात मोठा गुण होता.

पहिल्या बैठकीत मी फजिती करून घेतली. यात रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की लाल दिवा नुसता लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबलं की तो स्थिर होतो आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. माहितीपत्रक न वाचल्यामुळे पहिलं गाणं गेलं. मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणणारी मी!

तुम्हाला घ्यायचा असेल तर थोडं सांगते. एमपी३ नको, डब्ल्यूएव्ही ठेवा. एमपी३ जागा वाचवायला आवाजाचा काही भाग टाकून देतं, तो परत मिळत नाही. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर मिनिटाला साधारण 17 एमबी, म्हणजे तासाला एक जीबीच्या थोडं वर लागतं. 32 जीबीचं कार्ड तीसेक तास पुरतं. आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय बंद करा. आधी ढोलकीवर जोरात थाप मारायला सांगा, काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी हाताने लावा. शून्याला धडकलेला आवाज फाटतो, मग तो शिवता येत नाही. खालचे आवाज कापणारी सोयही बंद ठेवा, नाहीतर ढोलक पत्र्याचा डबा वाटते. रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नका, प्रत्येक थापेचा धक्का फरशीतून त्याच्यापर्यंत पोचतो. मी छोट्या स्टँडवर, खाली दुपटं घालून ठेवते, ढोलकीपासून लांब आणि गाणाऱ्यांच्या जवळ. पंखा बंद. म्हणून दोन गाणी झाली की पंखा लावून सरबत.

गाणं संपलं की अम्मीला विचारते, हे कुणाकडून शिकलीस, कुणाच्या लग्नात गायलीस? कधी कधी उत्तर गाण्याहून लांब होतं. तेही ठेवते.

आतापर्यंत अकरा गाणी झाली. कार्ड अम्मीच्या कपाटात, तिच्या चष्म्याच्या जुन्या डबीत असतं. दुसऱ्या बैठकीला खाला आली होती. "ये जाता कां?" तिने विचारलं. मी कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं. नखाएवढं ते. "इतनाच?" म्हणाली आणि परत दिलं.

ती गायली नाही. पण तिसऱ्या गाण्यापासून टाळी धरली. रेकॉर्डिंगमध्ये डाव्या कानात ऐकू येते.

ही गाणी इथे ऐकवा, असं कुणी म्हणेल. नाही ऐकवणार. अट आहे.