ऑल्नीचा पाहुणा

विल्यम कूपर या इंग्रज कवीच्या विषादाचा दोष अनेक चरित्रकारांनी धर्मोपदेशक जॉन न्यूटनच्या कडव्या कॅल्विनवादावर ठेवला. हा निवाडा घाईचा आहे. न्यूटनशी परिचय होण्यापूर्वीच, १७६३ मध्ये, कूपरने आत्महत्येचे प्रयत्न केले होते आणि सेंट ऑल्बन्स येथे डॉ. कॉटनच्या रुग्णालयात तो सुमारे दीड वर्ष राहिला होता.

१७७३ मध्ये ऑल्नी गावी विषाद पुन्हा उसळला. ईश्वराने आपल्याला कायमचे टाकले आहे, ही भ्रांती त्याच्या मनात रुजली. ती ख्रिस्ती परिभाषेतच बोलत असल्यामुळे ख्रिस्ती वचनांनी तिचे खंडन होणे अशक्य होते. बोधामृताचा उपयोग अशा वेळी फारसा नसतोच. न्यूटनने कूपरला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या मेरी अन्विनला आपल्या घरी आश्रय दिला. मुक्काम वर्षाहून अधिक लांबला. पुढे कूपर सुतारकाम, बागकाम करू लागला. त्याने रानससे पाळले. १७८५ मध्ये ‘द टास्क’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. सार्वजनिक उपासनेकडे मात्र तो कधी परतला नाही. ज्याची स्तोत्रे न्यूटनने १७७९ च्या ‘ऑल्नी हिम्स’मध्ये आपल्या स्तोत्रांबरोबर छापली, तोच हा कवी. १७८० मध्ये न्यूटन लंडनला गेला. दोघांचा पत्रव्यवहार चालूच राहिला.